थैलीचे माप आणि फडाची माणसे

फाल्गुन सरत आला, की पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावी एक निराळाच बाजार भरू लागतो. या बाजारात धान्याची पोती नसतात आणि गुरांचे दावणही नसते. ओळीने राहुट्या उभ्या राहतात, प्रत्येक राहुटीवर एकेका तमाशाच्या फडाचे नाव झळकते आणि आत फडमालक किंवा त्याचा व्यवस्थापक हिशोबाची वही उघडून बसलेला असतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांतून, तसेच शेजारच्या नगर, नाशिक, ठाणे जिल्ह्यांतून गावोगावची पुढारी मंडळी येतात. चैत्र-वैशाखात आपल्या ग्रामदैवताची जत्रा आहे, तेव्हा अमुक तिथीला कोणता फड मोकळा आहे, त्यात यंदा कोण नाचणार आहे, सोंगाड्या कोण आहे, अशी विचारपूस होते, घासाघीस होते, आणि शेवटी इसार देऊन सुपारी पक्की होते. नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते याच बाजारामुळे.

हा सौदा उघड्यावर चालतो म्हणून सर्वांना दिसतो. परंतु त्याच्या आधी कित्येक महिने दुसरा एक सौदा होऊन गेलेला असतो, आणि तो सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. फडमालक आणि कलावंत यांच्यामधला हा सौदा होय. गतवर्षी एका फडात गाजलेली नर्तिका यंदा दुसऱ्या फडात का दिसते, जुना जाणता ढोलकीवाला एकाएकी घरी का बसतो, आणि काल आलेल्या पोरसवदा मुलाला मोठ्या फडात जागा कशी मिळते, या प्रश्नांची उत्तरे त्या दुसऱ्या सौद्यात आहेत. कोणाला घ्यावे आणि कोणाला सोडावे हे मालकाची रसिकता ठरविते, असे आपण समजतो. वस्तुतः ते पुष्कळ अंशी त्याच्या थैलीचे माप ठरविते. हे कसे घडते, हेच आज मला आपणापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम फड म्हणजे काय, ते पाहू. गण, गौळण, बतावणी आणि वग असा सर्व थाट करणारा ढोलकीचा मोठा फड म्हणजे एक फिरते गावच असते. नाचणाऱ्या आणि गाणाऱ्या स्त्रिया, सोंगाड्या, सरदार, झीलकरी, ढोलकीवाला, हलगीवाला आणि इतर वादक ही रंगमंचावरील मंडळी झाली. त्यांच्यामागे तंबू ठोकणारे, दिवाबत्ती आणि ध्वनियंत्रणा पाहणारे, वाहने हाकणारे, स्वयंपाक करणारे असे अनेक हात असतात. मोठ्या फडाची माणसे शंभराच्या घरात सहज जातात. हा सारा संसार विजयादशमीच्या सुमारास रस्त्याला लागतो आणि अक्षय्य तृतीया किंवा बुद्धपौर्णिमा उलटली म्हणजे विसावतो. हंगामाच्या पूर्वार्धात कनात लावून तिकिटावर खेळ करावयाचे आणि उत्तरार्धात जत्रांच्या सुपाऱ्या घ्यावयाच्या, असा सामान्यतः क्रम असतो. तिकिटाचा धंदा बेभरवशाचा; म्हणून फडाची खरी भिस्त सुपाऱ्यांवर.

आता सुपारीचा पैसा येतो कोठून? तो येतो गावाच्या वर्गणीतून. गाव वर्गणी किती देणार, हे त्या वर्षी शेतकऱ्याच्या हाती किती पैसा खेळतो त्यावर अवलंबून राहणार, हे उघड आहे. घोड, मीना आणि कुकडी या नद्यांवर डिंभे, वडज, माणिकडोह, येडगाव अशी धरणे झाली आणि जुन्नर-आंबेगावच्या शिवारात ऊस, कांदा, टोमॅटो ही नगदी पिके डोलू लागली. साहजिकच या भागातील जत्रांचा थाटही वाढला. परंतु ज्या वर्षी नारायणगावच्या बाजारात टोमॅटो मातीमोल होतो आणि मंचरच्या बाजारात कांद्याला भाव नसतो, त्या वर्षी गावकरी राहुटीत येऊन बसतात ते हात आखडूनच. म्हणजे फडमालकाच्या खर्चाला कोणत्याही कायद्याने मर्यादा घातलेली नसली, तरी एक अदृश्य मर्यादा पडलेलीच असते. शिवाय मौज अशी, की ही मर्यादा नक्की किती ते चैत्रात कळते, आणि माणसे मात्र दसऱ्यालाच बांधून घ्यावी लागतात. अंगरखा आधी शिवावयाचा आणि माप मागाहून घ्यावयाचे, असा हा प्रकार आहे!

या मर्यादेचा परिणाम समजण्यासाठी आपण एक काल्पनिक हिशोब मांडू. हे आकडे कोणत्याही खऱ्या फडाचे नव्हेत. केवळ सोयीसाठी मी जुन्या रुपया-आणे-पैचा आधार घेतो. हंगामाची सारी कमाई एक रुपया, म्हणजे सोळा आणे माना. त्यातले सात आणे वाहने, इंधन, तंबू, जेवणखाण आणि कर्जाचे व्याज यांत गेले. उरले नऊ आणे. म्हणजे, एका आण्याच्या बारा पै या हिशोबाने, एकशे आठ पै. फडात एक नामवंत नर्तिका आहे, ती तीन आणे म्हणजे छत्तीस पै घेते. उरलेल्या बहात्तर पैंत साठ माणसे भागवावयाची आहेत. त्यांपैकी सहा जण मुरलेले कलावंत आहेत. त्यांना प्रत्येकी तीन पै, म्हणजे अठरा पै. बाकी चोपन्न जणांना प्रत्येकी एक पै, म्हणजे चोपन्न पै. हिशोब बरोबर जुळला.

आता पुढल्या वर्षी दुसऱ्या एखाद्या मालकाने त्या नर्तिकेला चार आणे देऊ केले. तिच्या नावावर सुपाऱ्या मिळतात, तेव्हा तिला सोडणे परवडत नाही. आपल्या मालकानेही चार आणे कबूल केले. कमाई मात्र होती तेवढीच आहे. मग वाढलेला एक आणा, म्हणजे बारा पै, आणावयाच्या कोठून? एक पै घेणाऱ्याकडून काही कापता येत नाही, कारण त्याखाली पोटच भरत नाही. अर्थात त्या बारा पै निघतात त्या सहा मुरलेल्या कलावंतांच्या वाट्यातून. तीन पै घेणाऱ्याला मालक म्हणतो, "दादा, यंदा एक पै घ्या, नाही तर दुसरा फड पाहा." दादा दुखावून घरी बसतात आणि त्यांच्या जागी एक पैवर समाधान मानणारा नवशिका येतो. सहा जणांचे दोन-दोन पै वाचले, बारा पै भरून निघाल्या!

या लहानशा हिशोबात साऱ्या विषयाचे मर्म आहे. एकूण रक्कम ठरलेली असली, म्हणजे वरच्या माणसाचा भाव वाढला की झळ लागते ती सर्वांत खालच्याला नव्हे, तर मधल्याला. फड मग एक तेजस्वी नाव आणि पुष्कळशी स्वस्त माणसे यांचा होत जातो. प्रेक्षकाला वाटते, की वग पूर्वीसारखा रंगत नाही. तो रंगत नाही, कारण वग रंगविणारी माणसे त्या मधल्या पायरीवरची असतात. सोंगाड्याला नेमकी कोटी पुरविणारा सरदार, गाणे चढते आहे हे ओळखून ठेका बदलणारा ढोलकीवाला, नव्या मुलीला पदन्यास शिकविणारी प्रौढ कलावती, यांचे नाव जाहिरातीच्या फलकावर नसते, परंतु यांच्यावाचून रात्र उभी राहत नाही.

या अडचणीतून सुटण्याचा एक जुना मार्ग म्हणजे घरची माणसे. नारायणगावचे नाव ज्या भाऊ-बापू यांच्या फडाने महाराष्ट्रभर नेले, तो भावाभावांचा फड होता. भाऊंची कन्या विठाबाई याच घरात घडली. तिला १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान लाभला. विठाबाईंची कन्या मंगला बनसोडे यांनी पुढे स्वतःचा फड उभा केला. कांताबाई सातारकर आणि त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांचा फडही असाच मायलेकरांचा. घरच्या माणसाला दुसऱ्याने पळवून नेण्याची धास्ती कमी असते, आणि हंगाम वाईट गेला तर त्याचा वाटा थांबवून ठेवता येतो. म्हणजे जे गुण बाहेरून विकत घेताना थैली रिकामी झाली असती, ते घरातच वाढविले जातात. कलेची परंपरा घराण्यात टिकण्यामागे कलाप्रेम आहेच. परंतु हा रोकडा हिशोबही आहे.

आपण म्हणाल, हे सारे तमाशापुरतेच खरे असेल. परंतु तसे नाही. जेथे जेथे एकत्र येऊन लोकांपुढे खेळ करणारी माणसे कराराने घ्यावी लागतात आणि द्रव्य मोजके असते, तेथे तेथे हाच प्रश्न उभा राहतो. फरक एवढाच, की काही ठिकाणी थैलीचे माप बाजार ठरवितो, तर काही ठिकाणी ते मुद्दाम नियम करून ठरविलेले असते. नियमाने ठरविलेल्या मापाचा अनुभव काय आहे, हे पाहिले म्हणजे नारायणगावच्या प्रश्नावर अधिक प्रकाश पडेल. म्हणून थोडा वेळ आपण क्रीडांगणाकडे वळू.

अमेरिकेत बास्केटबॉल हा खेळ धंदेवाईक संघांमध्ये खेळला जातो. १९४६ साली तेथे संघांची जी संघटना स्थापन झाली, तिने पहिल्याच हंगामात असा नियम केला होता, की कोणत्याही संघाने आपल्या सर्व खेळाडूंच्या वेतनावर मिळून ५५,००० डॉलरांहून अधिक खर्च करू नये. तो नियम एका हंगामानंतर मावळला. पुढे १९८४-८५ च्या हंगामापासून वेतनमर्यादा पुन्हा आली, ती दर संघास ३६ लक्ष डॉलर अशी. उद्देश असा, की मोठ्या शहरातील धनाढ्य संघाने सर्व उत्तम खेळाडू खरेदी करून सामन्यातली चुरसच नाहीशी करू नये. मात्र या नियमाला एक मोठी पळवाट मुद्दाम ठेवली होती. जो खेळाडू काही वर्षे आपल्याच संघात आहे, त्याला ठेवून घेण्यासाठी संघाला मर्यादा ओलांडता येते. बोस्टनच्या लॅरी बर्ड या विख्यात खेळाडूच्या नावाने ही सवलत ओळखली जाते. परिणाम काय झाला? करार संपून मोकळा झालेला परका खेळाडू घ्यावयाचा, तर मर्यादेच्या आत जागा हवी. आपला खेळाडू राखावयाचा, तर जागा नसली तरी चालते. त्यामुळे शहाणे संघ आधी परक्याला करारबद्ध करू लागले आणि घरच्याचा करार मागाहून लिहू लागले. नियम पैशाविषयी होता, परंतु त्याने करारांचा क्रमदेखील ठरविला. आपल्या फडमालकाचे घरच्या माणसांवरील प्रेम आणि ही सवलत यांत किती साम्य आहे, ते आपल्या ध्यानी आलेच असेल.

इतके दूर जावयासही नको. आपल्या पुण्याचाच दाखला घ्या. २०१४ साली कबड्डीची व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा प्रत्येक संघाला खेळाडू घेण्यासाठी ६० लक्ष रुपयांची थैली ठरवून दिली होती. पाटण्याच्या संघाने राकेश कुमार याला १२ लक्ष ८० हजारांना घेतले, आणि तीच त्या वेळची सर्वांत मोठी बोली ठरली. २०२३ पर्यंत ही थैली ५ कोटींवर गेली. सर्वांना थैली सारखी. संघाचा मालक कितीही श्रीमंत असो, त्याला त्याबाहेर जाता येत नाही.

२०२२ मध्ये पुण्याच्या पुणेरी पलटण या संघाने फजल अत्राचली या इराणी खेळाडूला १ कोटी ३८ लक्षांना घेतले. संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, परंतु तेथे जयपूरकडून हरला. पुढल्या वर्षी संघाने त्याला मोकळे केले. मात्र अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे अशी तरुण मंडळी त्याने आपल्याकडेच राखली. यांतील इनामदार हा आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातला. तो आणि गोयत नवोदितांसाठी असलेल्या वेगळ्या वर्गातून, लिलावाच्या चढाओढीत न सापडता, पलटणीत आले होते. असे घरी वाढविलेले खेळाडू कमी खर्चात पदरी असल्यामुळे थैलीत मोठी जागा उरली, आणि २०२३ च्या लिलावात पलटणीने महंमदरेझा शादलू या दुसऱ्या इराणी खेळाडूसाठी २ कोटी ३५ लक्ष मोजले. संपूर्ण थैलीचे हे जवळजवळ सत्तेचाळीस शतांश झाले! १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे पलटणीने हरियाणाच्या संघाला २८-२५ असे हरवून प्रथमच अजिंक्यपद मिळविले, तेव्हा इनामदार हाच कर्णधार होता.

याच लिलावात तेलुगू संघाने पवन सेहरावत याच्यासाठी २ कोटी ६० लक्ष ५० हजार दिले. निम्म्याहून अधिक थैली एका माणसावर गेली. पवन हा खरोखरच असामान्य गडी. परंतु तो हंगाम संपला तेव्हा त्याचा संघ बारा संघांत तळाशी होता आणि बावीस सामन्यांपैकी त्याने फक्त दोन जिंकले होते. जयापजयाला अनेक कारणे असतात, तेव्हा सारा दोष एका सौद्याला देणे योग्य होणार नाही. तथापि दोन्ही संघांनी एका माणसावर जवळजवळ सारखाच भार टाकला असता एक शिखरावर गेला आणि दुसरा तळाला, यातून एवढे निश्चित दिसते, की मोठे नाव घेणे चूक नव्हे. त्या नावामागे उभी राहणारी मधली फळी स्वस्तात आणि वेळेवर तयार केलेली हवी. आणि ही फळी लिलावात मिळत नाही. ती आधी दोन-तीन वर्षे घरात घडवावी लागते. पुढे शादलू हाही पलटणीत राहिला नाही. पुढल्या लिलावात हरियाणाने त्याला २ कोटी ७ लक्षांना घेतले आणि २०२४ चे अजिंक्यपद हरियाणाने पटकाविले.

हे साम्य झाले. आता भेद पाहू, कारण खरे महत्त्व त्या भेदाला आहे.

पहिला भेद असा, की लीगमध्ये मर्यादा सर्वांना सारखी आणि आधी जाहीर केलेली असते. पाच कोटी म्हणजे पाच कोटी. संघ ते पाहून बेत आखतो. नारायणगावी प्रत्येक मालकाची मर्यादा वेगळी, ती त्याच्या पतीवर आणि सावकारावर अवलंबून, आणि तीही अंदाजाने मांडलेली. अंदाज चुकला, तर तोटा भरून द्यावयास मागे कोणी नाही.

दुसरा भेद याहून गंभीर आहे. कबड्डीच्या खेळाडूचा करार संपला, की तो मोकळा होतो. त्याला जो अधिक देईल त्याच्याकडे तो जातो. जुना संघ फार तर शेवटच्या बोलीइतके पैसे देऊन, ठराविक वेळाच, त्याला परत घेऊ शकतो. म्हणजे राखण्याचा हक्कसुद्धा बाजारभाव मोजूनच बजवावा लागतो. तमाशातला कलावंत मात्र हंगाम संपला म्हणून मोकळा होतोच असे नाही. कारण मध्ये उचल असते.

उचल म्हणजे हंगामापूर्वी मालकाकडून घेतलेली एकरकमी आगाऊ रक्कम. पावसाळ्याचे चार महिने फड बंद. त्या काळात घर चालवावयाचे, मुलांच्या शाळेचा खर्च भागवावयाचा, घरात लग्नकार्य किंवा दुखणे निघाले तर तेही निभवावयाचे. बँक या मंडळींना सहजासहजी कर्ज देत नाही, कारण तारण काय ठेवणार? पायातले चाळ कोणी तारण म्हणून घेत नाही. तेव्हा कलावंत मालकाकडे जातो. मालक उचल देतो आणि ती हंगामात पगारातून फिटावी असे ठरते. हंगाम चांगला गेला तर फिटते. न गेला तर उरलेली रक्कम पुढल्या वर्षाच्या खात्यावर चढते, आणि तिच्यासोबत माणूसही पुढल्या वर्षासाठी बांधला जातो. दुसऱ्या फडाने त्याला घ्यावयाचे, तर आधी त्याची उचल फेडावी लागते. म्हणजे खेळाडूच्या बाबतीत नवा संघ जी रक्कम देतो ती त्याच्या गुणांची किंमत असते. येथे नवा मालक जी रक्कम देतो तिच्यातला मोठा भाग कलावंताच्या जुन्या अडचणीची किंमत असते. गुण तेवढेच असलेल्या दोन नर्तिकांपैकी जिच्या घरी आजारपण अधिक झाले, तिला दुसरा फड मिळणे अधिक कठीण! जी मोकळी आहे तिच्यासाठी चढाओढ होते. जी बांधलेली आहे तिचा भाव वाढतच नाही.

यात मालकाला राक्षस ठरविणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे होणार नाही. मालकही बहुधा स्वतःच कर्ज काढून उचल वाटतो. कलावंताने उचल घेतली आणि ऐन दसऱ्याला तो आलाच नाही, तर मालकाची रक्कम बुडते आणि वगातली जागाही रिकामी राहते. शिवाय साऱ्या व्यवहारात लेखी करार पुष्कळदा नसतोच. असतो तो शब्दावरचा विश्वास आणि वहीतला आकडा. दोघेही एकाच दोरीने बांधलेले आहेत. मात्र दोरी कोणाच्या गळ्याला अधिक जवळ आहे, एवढाच काय तो फरक.

ही व्यवस्था किती नाजूक आहे, याचा दारुण प्रत्यय २०२० मध्ये आला. त्या वर्षी देशभर टाळेबंदी लागू झाली ती २५ मार्च रोजी, आणि तोच गुढीपाडव्याचा दिवस होता. म्हणजे दसऱ्यापासून केलेला सारा खर्च ज्या दोन महिन्यांत वसूल व्हावयाचा, त्यांच्या उंबरठ्यावरच दार बंद झाले. जत्रा रद्द झाल्या, सुपाऱ्या फिरल्या. मालकाने वाटलेली उचल अंगावर राहिली, कलावंताने घेतलेली उचल फिटली नाही. पुढल्या वर्षीच्या जत्राही साथीनेच गिळल्या. खेळाच्या संघामागे मोठमोठ्या कंपन्या आणि प्रक्षेपणाचे करार असतात. फडामागे गावची वर्गणी असते, आणि गावच बंद झाल्यावर वर्गणी कोठली?

मग उपाय काय? फडांनाही लीगसारखी वेतनमर्यादा घालावी काय? मला तसे वाटत नाही. वेतनमर्यादा शोभते ती जेथे श्रीमंतांची चढाओढ आवरावयाची असते तेथे. येथे आवरावयाची आहे ती उचलीची चढती रक्कम. म्हणून मर्यादा घालावयाचीच असेल, तर ती पगारावर नव्हे, उचलीवर घालावी. एका हंगामाच्या पगारातून जेवढी निश्चित फिटू शकेल त्याहून अधिक उचल कोणी देऊ नये आणि घेऊ नये. हंगाम संपताच लेखी हिशोब व्हावा. आणि फेडीची बाकी राहिली तरी ती साधे देणे समजून हप्त्याने घ्यावी, माणूस अडकवू नये, असा संकेत फडमालकांनी आपसांत केला, तर निम्मे काम होईल. वेठबिगारीचे उच्चाटन करणारा १९७६ चा कायदा आगाऊ रकमेच्या मोबदल्यात माणसाचे काम निवडण्याचे स्वातंत्र्य हिरावून घेण्यास मनाई करतो. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या कायद्यामागील तत्त्व येथे विसरता येत नाही.

उरलेले निम्मे काम पावसाळ्याच्या चार महिन्यांचे आहे. कलावंताला या काळात उचलीवाचून जगता आले, तर दसऱ्याला तो खऱ्या अर्थाने मोकळा गडी म्हणून सौद्याला बसेल. ज्या जुन्नर-आंबेगावात दूध, ऊस आणि पतपुरवठा यांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या, तेथे कलावंतांची एखादी पतसंस्था अशक्य का असावी? हंगामात दर खेळामागे थोडी रक्कम बाजूस काढावयाची, तीत मालकानेही तितकीच घालावयाची आणि आषाढ-श्रावणात ती कलावंताच्या हाती द्यावयाची, एवढी साधी ती योजना आहे. विठाबाईंसारख्या कलावतीचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले आणि २००२ मध्ये त्या निवर्तल्या. आज राज्य सरकार त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार देते, ही उचित गोष्ट आहे. परंतु पुरस्कार एखाद्यालाच मिळतो. पावसाळा सर्वांनाच येतो.

शेवटी आपणा शहरवासीयांविषयी दोन शब्द. आपल्यापैकी पुष्कळांचे मूळ गाव अजून आहे, आणि जत्रेच्या वर्गणीचा निरोपही दर वर्षी येतो. आपण ती देतो, आणि "यंदा कोणाचा तमाशा आहे?" एवढे विचारतो. नामवंत नाव ऐकले की आपले समाधान होते. तेथेच वरचा आणा वाढतो आणि मधल्या सहा जणांच्या दोन-दोन पै कापल्या जातात. यापुढे गावच्या मंडळींना आणखी एक प्रश्न विचारावा: "फडात ढोलकीला कोण आहे, आणि वग कोण उभा करतो?" राहुटीत बसलेला फडमालक व्यवहारी माणूस असतो. गिऱ्हाईक ज्या मालाची चौकशी करते, तो माल तो ठेवतो. अशी चौकशी चार-दोन गावांनी केली, तरी घरी बसलेल्या एखाद्या जाणत्या ढोलकीवाल्याला पुढल्या दसऱ्याला बोलावणे आल्यावाचून राहणार नाही.